खुर्चीखाली ठेवलेली प्लेट

वाचकाचे पत्र, थोडक्यात: दक्षिण नागपुरातील एका ले-आऊटमध्ये राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले सदुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ लिहितात, "मी आमच्या नागरिक मंडळाचा सचिव आहे. मार्च २०२५ मध्ये शहराच्या महाल भागात हिंसाचार झाला, आमच्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीत संचारबंदी लागली, आणि तेव्हापासून मला चैन नाही. आमचे नागपूर असे कधीच नव्हते. आमच्याकडे बहुतेक घरे हिंदूंची, बारा-पंधरा बौद्धांची, सात मुस्लिमांची आणि दोन ख्रिश्चनांची आहेत. यंदा होळीच्या आधीच्या रविवारी, सायंकाळी साडेपाच वाजता, मंदिराच्या सभागृहात मी पुढाकार घेऊन सर्वधर्म स्नेहमेळावा भरवला. पंडितजी, फादर आणि ग्यानीजी आले. मौलाना साहेबांनी ऐनवेळी जमणार नाही असे कळवले. बौद्ध तर आपलेच, म्हणून त्यांचा वेगळा वक्ता ठेवला नव्हता. तरीही गणेशवंदनेच्या वेळी मागच्या रांगेतील दोन बौद्ध कुटुंबे बसूनच राहिली. सात मुस्लिम घरांतून दोघे पुरुष आले. सहा वाजता अल्पोपाहार दिला, तर त्यांच्यातील एकाने प्लेट खुर्चीखाली ठेवून दिली, घड्याळाकडे पाहत राहिले आणि थोड्या वेळाने दोघेही अर्ध्या कार्यक्रमातून उठून गेले. दीडशेपैकी साठ प्लेटा उरल्या. मुलगा म्हणतो, 'बाबा, टाळी एका हाताने वाजत नाही.' हा नाद सोडून द्यावा का?"

नमस्कार.

संचारबंदी उठल्यावर बहुतेक लोकांनी दुधाचा आणि भाजीचा प्रश्न मिटला म्हणून सुटकेचा श्वास घेतला आणि विषय संपवला. तुम्ही वर्षभर तो मनात वागवला, त्यासाठी वेळ दिला आणि बहुधा पदरचे पैसेही घातले. त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे ते तुमच्या हेतूबद्दल नाही, हे आधी सांगून ठेवतो. मला त्या प्लेटेबद्दल बोलायचे आहे.

होळीच्या आधीचा तो रविवार, म्हणजे १ मार्च २०२६, रमजानच्या महिन्यात आला होता. त्या सुमारास नागपुरात सूर्य सहा वाजून वीस मिनिटांच्या आसपास मावळतो. तुमच्या त्या पाहुण्यांनी पहाटे उजाडण्याआधी सहरी केली असणार आणि त्यानंतर पाण्याचा घोटही घेतलेला नसणार. सहा वाजता त्यांच्या हातात गरम समोसे किंवा जे काही असेल त्याची प्लेट आली, तेव्हा रोजा सुटायला जेमतेम वीस मिनिटे उरली होती. ती नको म्हणून परत करावी तर वाढणाऱ्या स्वयंसेवकाचा आणि यजमानांचा अपमान होतो; हातात धरून बसावे तर शेजारचा "घ्या ना, घ्या ना" म्हणून आग्रह करतो. माणसाने ती अलगद खुर्चीखाली ठेवली. मला विचाराल तर त्या सभागृहात त्या संध्याकाळी दाखवलेले सर्वांत मोठे सौजन्य तेच होते. मग ते घड्याळ का पाहत होते आणि अर्ध्यातून उठून कोठे गेले, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही. मौलानांना त्या वेळी येणे का जमले नाही आणि बाकीच्या पाच घरांतून कोणी का आले नाही, याचेही उत्तर बहुधा त्यातच आहे. इफ्तारच्या आधीच्या तासात त्या घरांतील बायका स्वयंपाकघरात असतात.

"अर्ध्या कार्यक्रमातून उठून गेले" हे तुमचे वाक्य आहे. "दिवसभराचा रोजा असताना अर्धा तास का होईना, येऊन बसले" असेही त्याच प्रसंगाचे वर्णन करता आले असते. तुम्ही पहिले वाक्य लिहिलेत, कारण दुसरे लिहिण्यासाठी लागणारी माहिती तुमच्यापाशी नव्हती. मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, ती तुमच्या कार्यकारिणीतील कोणापाशीच नव्हती. सात घरे तुमच्याच गल्ल्यांत आहेत, आणि तारीख ठरवताना त्यांच्यापैकी एकालाही विचारले गेले नाही. विचारले असते तर हा सगळा घोटाळा एका फोनवर टळला असता. भिंतीवरच्या कालनिर्णयातही मुस्लिम सण दिलेले असतात, पण आपण त्यात एकादशी आणि चतुर्थी पाहतो आणि पान उलटतो. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे "मागच्या वर्षी कधी होता" या आठवणीवर भागत नाही. आपले महिनेही चंद्रावरच चालतात, मात्र आपण अधिकमास घालून ऋतूंशी मेळ घालतो (२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ), त्यांच्याकडे तशी सोय नाही. म्हणून त्यांचा उपवासाचा महिना कधी डिसेंबरच्या थंडीत येतो आणि कधी आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत.

आता तुमच्या पत्रातील दुसऱ्या वाक्याकडे येतो, आणि तेथे मला थोडे कठोर व्हावे लागेल. "बौद्ध तर आपलेच." हे तुम्ही प्रेमाने लिहिले आहे, याबद्दल मला शंका नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही हेच केले होते. घरच्या एका कार्यक्रमात एका सहकारी स्त्रीची ओळख नातेवाइकांना करून देताना मी म्हणालो, "या आमच्यातल्याच आहेत." त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यालयात चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवत शांतपणे म्हणाल्या, "माझ्या आजोबांनी छप्पन साली जे सोडले, ते तुम्ही काल एका शब्दात परत आमच्या गळ्यात घातलेत." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, ती जागा तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे. त्या दिवशी त्यांनी अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्यांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपती आदी देवतांना न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. गणेशवंदनेच्या वेळी बसून राहिलेली ती दोन कुटुंबे उद्धटपणा करीत नव्हती, तर सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या आजी-आजोबांनी जाहीरपणे दिलेला शब्द पाळत होती. तुम्ही ज्यांना वेगळे न मानता आपले मानलेत, त्यांना तुम्ही नकळत अशा जागी बसवलेत की उभे राहावे तर स्वतःशी खोटे आणि बसावे तर यजमानांशी उद्धट. "आपले" म्हणणे हा नेहमीच सन्मान नसतो; समोरच्याने विचार करून, किंमत मोजून घेतलेला निर्णय त्यामुळे पुसला जाऊ शकतो. आणि पंडितजी, फादर, ग्यानीजी यांच्या रांगेत भन्तेजी नाहीत असे सर्वधर्म व्यासपीठ दुसऱ्या एखाद्या शहरात कदाचित खपले असते. नागपुरात ते खटकणारच. (त्या व्यासपीठावर एकही स्त्री नव्हती, हेही जाता जाता नोंदवतो.)

"आमचे नागपूर असे कधीच नव्हते" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. ते खरे नाही. सप्टेंबर १९२७ मध्ये याच महाल भागात मोठा दंगा झाला होता. मी हे जुन्या जखमा उकरण्यासाठी सांगत नाही. "पूर्वी सगळे आपोआप छान होते" असे धरून चालले की आपण ते छान असणे कोणाच्या कष्टामुळे होते, हे शोधायचे सोडून देतो. तुमच्या जवळचेच उदाहरण घ्या. भोसले घराण्यातील राजे रघुजींनी सूफी संत बाबा ताजुद्दीन यांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आणले आणि सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर मानाने ठेवून घेतले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले आणि आज ताजबागेतील त्यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक चादर चढवायला जातात. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. मात्र ताजबागेत नेमाने जाऊन नवस बोलणारी अशी कित्येक माणसे मला माहीत आहेत, ज्यांना आपल्याच गल्लीतल्या मुस्लिम शेजाऱ्याच्या मुलांची नावे सांगता येणार नाहीत. दर्ग्यावरची श्रद्धा आणि शेजाऱ्याची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली की दुसरी आपोआप येते, असे मानण्यात आपली फसगत होते.

मग दुसरी गोष्ट कशाने येते? या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या घेऊन, एका ठिकाणी दंगे वारंवार का होतात आणि दुसऱ्या ठिकाणी का होत नाहीत, हे तपासले. सणाला एकमेकांकडे जाणे-येणे हे चांगलेच असते, पण मोठ्या शहरात, अफवा पसरू लागल्यावर, तेवढे पुरे पडत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये अशा संस्थांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र काम करीत असतील तर तो बांध अधिक टिकतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. इतवारीतला कोष्टी आणि मोमिनपुऱ्यातला मोमीन हे दोघेही हातमागावर बसणारे. सुताचा भाव चढला की दोघांच्याही घरात चूल मंद होई. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजत असे. मिल गेली, माग गेले, आणि ज्या जागी वेगवेगळ्या धर्मांची माणसे धर्माचा विषयही न काढता रोज भेटत होती त्या जागाच संपल्या. त्यांच्याऐवजी आपण वर्षातून एकदा व्यासपीठ उभारतो आणि त्यावर धर्माखेरीज दुसरा विषय ठेवत नाही.

भिवंडीचे उदाहरण तर महाराष्ट्रातलेच आहे. १९८४ मध्ये तेथे भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे होती, दोन्ही समाजांची होती, आणि त्यांच्या बैठका सण-दंगलीच्या तोंडावर नव्हे तर एरवीही नियमितपणे होत. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नाद सोडून द्यावा का? तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. सोडून देण्याची एक. त्याने कोणाचे तातडीने बिघडणार नाही, पण त्या संध्याकाळचा जो अर्थ नव्वदेक माणसांनी आपापल्या घरी नेला आहे, "ते आले आणि उठून गेले", तो तसाच घट्ट होईल, आणि तो तुम्ही भरवलेल्या कार्यक्रमातून निघालेला असल्याने तो दुरुस्त करण्याची जबाबदारीही थोडीफार तुमच्याकडेच येते. दुसरी वाट, तोच मेळावा पुढच्या वर्षी सुधारून घेण्याची: तारीख विचारून, सभागृह मंदिराचे न घेता समाजभवनाचे घेऊन, सुरुवातीला कोणाचीच वंदना न ठेवता संविधानाची उद्देशिका वाचून. हे करण्यासारखे आहे, पण मी ते लगेच करणार नाही. मेळावा हा ओळखीचा शेवट असावा, सुरुवात नव्हे; ज्यांची ओळखच नाही त्यांना एकत्र बसवून बंधुभावाची भाषणे ऐकवली की दोघेही अवघडतात. माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे. वर्षभरासाठी "सर्वधर्म" हा शब्दच बाजूला ठेवा आणि सर्वांच्या गरजेचे एखादे काम हाती घ्या.

कोणते काम, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, नाहीतर पुन्हा यजमान तुम्ही आणि पाहुणे ते. तरीही सुचवायचेच तर उन्हाळ्यात चौकात प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावणे हे नागपुरात कोणालाही पटणारे काम आहे. माठ भरण्याची पाळी वाटून घेतली की सकाळी सात वाजता दोन घरांची माणसे रोज भेटतात. दुसरे, आणि मला अधिक आवडणारे काम म्हणजे अभ्यासिका. आपल्या शहरात बौद्ध वस्त्यांतून चालणाऱ्या अभ्यासिकांनी किती मुले स्पर्धा परीक्षांपर्यंत नेली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या ले-आऊटमधील त्या बारा-पंधरा घरांत असा अनुभव असलेले कोणी ना कोणी निघेल, आणि मग त्या कामात तुम्ही शिकणारे असाल आणि ते सांगणारे. हा बदल लहान वाटेल, पण तुमच्या मेळाव्यात नेमके तेच नव्हते: तेथे बोलावणारे एकच होते. दहावीच्या मुलांना गणित शिकवायला निवृत्त बँकवाल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, तेव्हा तुमचेही काम त्यात आहे. अभ्यासिकेत कोणती मुलगी नकाब काढून बसते आणि कोणता मुलगा गंध लावून येतो, याची चर्चा पहिले पंधरा दिवस होईल. चाचणी परीक्षा आली की ती मागे पडेल.

एकत्र काम केल्याने मतभेद संपतील, असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. समजूत असणे म्हणजे एकमत असणे नव्हे, आणि "सर्व धर्म शेवटी एकच सांगतात" हे वाक्यही मी जपून वापरीन, कारण प्रत्येक श्रद्धावान माणसाला आपला धर्म काही वेगळे सांगतो असे वाटत असते आणि तसे वाटण्याचा त्याला अधिकार आहे. भोंगा, डीजे, मिरवणुकीचा मार्ग, मटणाच्या दुकानाची जागा, घर भाड्याने देताना आडनाव विचारणे: हे खरे वादाचे विषय आहेत आणि स्नेहमेळाव्यात त्यांचे नावही निघत नाही. ते शांत महिन्यात काढा, मिरवणुकीच्या आठवड्यात नको. शक्य तेथे सर्वांना सारखा लागू होणारा नियम मधे ठेवा. आवाजाचेच घ्या: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम अजानला लागू आहे, भजनाला आहे, जयंतीच्या मिरवणुकीला आहे आणि तुमच्या मंडळाच्या गणपतीलाही आहे. तुम्ही सचिव आहात. तो आधी स्वतःच्या गणपतीत पाळून दाखवलात तर पुढचे बोलणे सोपे जाईल.

अफवांच्या बाबतीत एवढेच सांगतो की, प्रत्येक समाजातील दोन-दोन माणसांनी एकमेकांचे क्रमांक घेऊन ठेवावेत आणि काहीही ऐकले की पुढे पाठवण्यापूर्वी एकमेकांना फोन करण्याचे ठरवावे. त्यांत स्त्रिया असाव्यात, कारण दिवसा घरी आणि गल्लीत काय चालले आहे हे त्यांना आधी कळते. मार्च २०२५ च्या त्या रात्री तुमच्या ले-आऊटमधील किती जणांपाशी त्या सात घरांपैकी एकाचा तरी क्रमांक होता, हे कार्यकारिणीच्या बैठकीत विचारून पाहा.

एक शब्द अशाच परिस्थितीतील दुसऱ्या बाजूच्या वाचकांसाठीही, कारण त्यांची पत्रेही मला येतात. तुमच्या त्या पाहुण्याने प्लेट घेताना "माझा रोजा आहे" एवढे म्हटले असते तर गैरसमज तेथेच मिटला असता. त्याने ते का म्हटले नाही, हे मला समजते. नव्वदेक लोकांच्या सभागृहात दोघांपैकी एक असताना, मंदिरात, हसू येईल की वाद होईल याचा अंदाज नसताना, माणूस गप्प राहतो. तरीही, जमेल तेथे कारण सांगावे. नकारामागचे कारण कळले नाही की समोरचा ते स्वतःच्या मनाने भरून काढतो, आणि सध्याच्या दिवसांत तो ते चांगले भरत नाही. वंदनेला बसून राहणाऱ्यांनीही नंतर चहा घेताना यजमानांना दोन वाक्ये सांगितली असती तर हे पत्र कदाचित लिहिले गेले नसते.

तुम्ही आता पहिली गोष्ट करायची ती ही की, त्या दोन मुस्लिम गृहस्थांच्या घरी जायचे, आणि त्यानंतर त्या दोन बौद्ध कुटुंबांच्या. निमंत्रणपत्रिका नको, मंडळाचा ठराव नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. माफी मागण्याचा सोहळाही करू नका, त्याने ते अधिक अवघडतील. "त्या दिवशीची वेळ आमची चुकली, आम्हाला लक्षातच आले नाही" एवढे म्हणा आणि मग त्यांना बोलू द्या. बौद्ध शेजाऱ्यांकडे गणेशवंदनेचा विषय तुम्ही स्वतः काढा, त्यांनी काढण्याची वाट पाहू नका. पुढे काय करावे हे त्यांनाच विचारा आणि उत्तर "काही नको" असे आले तर तेही ऐकून घ्या. एका भेटीत माणसे मोकळी होत नाहीत. चहा पुढे आला तर घ्या, घरी पिऊन आलो म्हणू नका.

मुलाला सोबत न्या. टाळीचा हिशेब तोच मांडतो आहे, तर त्याने एकदा त्या घरांत बसून यावे. आणि निघण्यापूर्वी फोन करून त्यांना सोयीची वेळ विचारा.